तौबेनंतरचे मन

नशा सोडलेल्या मुलाची तौबा खरी की खोटी, हे त्याच्या विस्मरणावरून ठरवावे काय? खेड तालुक्यातील कित्येक घरांत कर्ता पुरुष आखातात असतो आणि मुलांचा सांभाळ आई व आजी-आजोबांवर येतो. अशा घरातील मुलगा ‘एमडी’च्या, म्हणजे मेफेड्रोनच्या, आहारी जाऊन उपचारानंतर परतला, की तो लगेच पूर्वीसारखा व्हावा अशी अपेक्षा असते. पण तो सांगितलेले काम विसरतो, नमाजमध्ये रकअती चुकतो. ‘‘याच्या मनात अजून तेच आहे,’’ असा निवाडा घरात होतो.

हा निवाडा न्यायाचा नाही. उत्तेजक पदार्थ मेंदूतील डोपामिनच्या यंत्रणेवर आघात करतात. मेफेड्रोनच्याच जातीचे मेथॅम्फेटामिन सोडलेल्या काही व्यक्तींची तपासणी डॉ. नोरा व्होल्को व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केली. सुमारे वर्षभराच्या संयमानंतर ही यंत्रणा बरीच सावरली होती. स्मरणशक्ती मात्र तेवढी सावरली नव्हती. तौबेचा निर्धार एका क्षणात होतो, मेंदूला मात्र काळ लागतो.

इमाम गझाली यांनी शरीअतच्या पाच उद्दिष्टांत बुद्धीचे रक्षण गणले आहे. नशा हराम आहे ती याचसाठी. मग जी बुद्धी घायाळ झाली, तिची जोपासना करणे हेही त्याच उद्दिष्टात येते. नमाजमध्ये विसर पडल्यास शरीअतने सज्दा-ए-सहव सांगितला आहे, स्वतः प्रेषित मुहम्मद (स.) यांनीही तो केला. विसरणाऱ्याच्या नियतीवर तेथे संशय घेतलेला नाही.

मग त्याला सर्व काही माफ आहे काय? नाही. हदीसप्रमाणे निद्रिस्त, बालक व वेडा यांच्यावरून लेखणी उचललेली आहे. हा मुलगा यांपैकी कोणी नाही. हलाल-हराम त्याला कळते. खोटे बोलणे, चोरी, जुन्या सोबत्यांकडे जाणे यांचा जाब त्याला द्यावाच लागेल. विस्मरण आणि लबाडी यांतला हा भेद घरच्यांनी ओळखला पाहिजे.

म्हणून कामे वहीत लिहून द्यावीत, एका वेळी एकच सांगावे. दुकानाचा गल्ला इतक्यात सोपवू नये. त्यात अपमान नाही, पेलेल तेवढाच भार देणे आहे. अल्लाह कोणावरही त्याच्या कुवतीबाहेरचा भार टाकत नाही, ही सूरह बकराच्या अखेरची शिकवण आपण दुआत मागतो. तीच आपल्या मुलाच्या बाबतीतही पाळावी.