मान खाली न घालता

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शिकायला परगावी गेलेल्या गरीब मुलाची सोय वार लावून होत असे. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी माधुकरी, नाहीतर उपास. या रीतीनं कितीतरी माणसं घडली, हे कबूलच. पण त्या पिढीच्या आठवणी वाचताना जेवणापेक्षा पंगतीतली जागाच जास्त लक्षात राहते. कुठं बसवलं, तूप वाढताना कुणाचा हात आखडला, सगळं बारकाईनं नोंदलेलं असतं. हा वारावर जेवणारा मुलगा आहे, हे अख्ख्या आळीला ठाऊक असायचं. पोट भरायचं, मान मात्र खाली जायची.

शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली आणलं. अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती काढली. शिक्षणासाठी मदत लागणं ही लाजेची गोष्ट आहे, हा समज या माणसांनी मोडीत काढला. पण तो मोडला तो पोटापुरता. मन थकलं, झोप उडाली, वर्गात जावंसं वाटेना, तर आजचा विद्यार्थीही वारावरच जेवतो. आज मित्राकडे, उद्या मामेबहिणीला फोन, परवा कुणीच नाही.

जबलपूरसारख्या गावात हे ठळकपणे दिसतं. रांझीकडचं १९४७ सालचं अभियांत्रिकी महाविद्यालय, डुमना रस्त्यावरची ट्रिपल आयटी, मेडिकल, कृषी विद्यापीठ, राणी दुर्गावती विद्यापीठ, २०१८ पासूनचं विधी विद्यापीठ. मुलं बाहेरगावची, खोल्या भाड्याच्या, डबा लावलेला. घरी रोज रात्री फोन होतो आणि त्यात ‘जेवलास का?’ याच्या पलीकडे फारसं काही विचारलं जात नाही. मुलगाही ‘हो’ म्हणून मोकळा होतो.

याच शहरात १९५३ च्या आसपास कॉलेजातला एक विद्यार्थी वर्षभर नीट जेवत नव्हता, मैलोन् मैल पळत होता, घरच्यांना वेडा वाटू लागला होता. घरच्यांनी त्याला वैद्य-डॉक्टरांकडे नेलं. हे सगळं त्यानंच पुढं प्रवचनांतून सांगितलं, कारण तो विद्यार्थी म्हणजे नंतरचे आचार्य रजनीश. ज्याखाली त्यांना साक्षात्कार झाला म्हणतात, ते भंवरताल बागेतलं मौलश्रीचं, म्हणजे आपल्या बकुळीचं, झाड त्यांचे भक्त आजही पाहायला येतात. त्या वर्षाला साक्षात्कार म्हणायचं की आणखी काही, या वादात मला पडायचं नाही. पण सगळ्यांच्याच वाट्याला असं झाड येत नाही. २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे, आणि अशा मृत्यूंत महाराष्ट्र व मध्य प्रदेश ही दोन्ही राज्यं वरच्या रांगेत आहेत.

सोय नाही असं मात्र म्हणता येणार नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक पात्र समुपदेशक हवाच, आणि मदतीचे फोन क्रमांक वसतिगृहात, वर्गात ठळक अक्षरांत लावलेले हवेत. पाट्या लागतीलही. एका कॉलेजात मी असा कक्ष पाहिला आहे. कॉलेजचं नाव नको. दार फीच्या खिडकीसमोर, जिथं दिवसभर रांग. दाराशी टेबलावर एक वही, तीत रकाने आखलेले: नाव, रोल नंबर, भेटीचं कारण. कारणाच्या रकान्यात बहुतेकांनी ‘व्यक्तिगत’ एवढंच लिहिलं होतं. आत बसणाऱ्या मॅडम अंतर्गत परीक्षेचे गुणही देतात. जी बाई तोंडी परीक्षा घेणार, तिला रात्री रडू येतं हे कोण सांगेल? वारावरच्या मुलाची गत आणि ही गत सारखीच. मदत समोर आहे, पण घेताना सगळ्यांना दिसणार.

म्हणून माझ्या लेखी सल्ल्यापेक्षा गुप्ततेची किंमत जास्त आहे. मानसिक आरोग्य कायद्यानं २०१७ मध्येच रुग्णाला ती हक्क म्हणून दिली. आपल्या कॉलेजांनी ती मेहेरबानी करून टाकली आहे. ‘काही वाटलं तर येऊन बोल रे’ असं म्हणणारे प्राध्यापक मनानं चांगलेच असतात. पण चांगुलपणा माणसागणिक बदलतो, सरांची बदली झाली की तोही जातो.

गुप्तता सांभाळायला पैसे फारसे लागत नाहीत. कक्षाचं दार ग्रंथालयाच्या बाजूला काढता येतं. समुपदेशक परीक्षेच्या कामातून वगळता येतो. जबलपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग आहे. शहरातल्या इतर कॉलेजांनी त्याच्याशी रीतसर जोडून घेतलं तर पाठवायचं कुठं हा प्रश्न उरत नाही.

कॉलेज सुधारेल तेव्हा सुधारेल. तोवर मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, रात्री दोन वाजताही लागतो, पैसे पडत नाहीत, वहीत सही करावी लागत नाही. भाषा निवडता येते, त्यात मराठीही आहे. दिवसभर हिंदीत वावरणाऱ्या गोंदियाच्या मुलाला ही सोय मोठी. मूल शिकायला बाहेर पाठवणाऱ्या आईबापांनी सामान बांधताना हा क्रमांक त्याच्या फोनमध्ये घालून द्यावा. मेस चालवणाऱ्यांनी तो आठवड्याच्या जेवणाच्या तक्त्याशेजारी भिंतीवर लावावा. तिथं रोज दोन वेळा सगळ्यांची नजर जाते, आणि तो कुणी टिपून घेतला हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.