आजचे चिंतन : ओंजळ कुणाच्या नावाची?



आज सर्वपित्री अमावस्या. ज्यांची तिथी ठाऊक नाही, ज्यांची तिथी या पंधरवड्यात राहून गेली, त्या सगळ्यांची आठवण आज एकत्र करायची. आपल्या बाळकुमात आज गंमतच असते. टॉवरच्या बाल्कनीत पान वाढलेलं, त्यावर खीर, वडे, गवार-भोपळ्याची भाजी. आणि अठराव्या मजल्यापर्यंत कावळा काही येत नाही. मग सोसायटीच्या ग्रुपवर प्रश्न, "कुणाकडे आला का हो कावळा?" हसू येतं, पण त्या प्रश्नामागे खरी धाकधूक असते. आजोबांना पोचलं ना? काही राहून तर नाही ना गेलं?

ही धाकधूक मनात ठेवूनच आजचं वाचन करू. महाभारत, अनुशासनपर्वाचा शेवट. भीष्मांचा देहत्याग.

उत्तरायण लागलं, तसा युधिष्ठिर अग्नी, तूप, फुलं घेऊन कुरुक्षेत्री पितामहांकडे आला. भीष्मांनी त्याला सांगितलं की बाणांच्या शय्येवर ५८ रात्री गेल्या, आणि त्या शंभर वर्षांसारख्या वाटल्या. मग सगळ्यांचा निरोप घेऊन त्यांनी प्राण सोडला. पांडवांनी चंदनाची चिता रचली. युधिष्ठिराने आणि विदुराने देह रेशमी वस्त्रांनी झाकला. युयुत्सूने छत्र धरलं, भीम-अर्जुनांनी चवऱ्या ढाळल्या. नंतर सगळे गंगेवर गेले आणि ओंजळीने पाणी दिलं. तेव्हा खुद्द गंगा पाण्यातून वर येऊन मुलासाठी रडली. कृष्णाने तिची समजूत घातली.

आता जरा थांबून बघा. भीष्म आजन्म ब्रह्मचारी. त्यांना मूल नाही, नातू नाही. पाणी कुणी दिलं? भावाच्या वंशातल्या नातवंडांनी. त्यातल्या एकाच्या बाणांनी तर ते पडले होते! आणि गोष्ट तिथेच थांबली नाही. माघ शुद्ध अष्टमीला, भीष्माष्टमीला, आजही लोक भीष्मांच्या नावाने तर्पण करतात. त्यांचा भीष्मांशी रक्ताचा काय संबंध? काहीच नाही. ज्याला वंश नव्हता, त्याला इतक्या ओंजळी मिळाल्या.

म्हणजे ओंजळ रक्तापाशी थांबत नाही. ज्याने ज्याला आपलं मानलं, त्याची ओंजळ त्याला पोचते.

हे पुराणातलं झालं, असं वाटत असेल तर आपल्याच बाळकुमातली गोष्ट आठवा. जून २०२० मध्ये इथे १,०२४ खाटांचं कोविड रुग्णालय सुरू झालं. पुढच्याच महिन्यात तिथून एका वयस्कर गृहस्थांचा देह चुकून दुसऱ्याच कुटुंबाच्या हाती गेला. माणूस धड जवळून बघायलाही मिळत नव्हता असे ते दिवस. त्या कुटुंबाने आपलाच माणूस समजून अंत्यसंस्कार केले. नंतर कळलं की त्यांचा माणूस अजून उपचार घेतोय. आणि ज्यांचे वडीलधारे खरोखर गेले होते, त्यांना शेवटचं दर्शनही मिळालं नाही.

चूक ती चूकच. अध्यात्माचं पांघरूण घालून ती झाकायची नाही. दोन्ही घरांनी काय सोसलं असेल ते त्यांनाच ठाऊक. पण एक गोष्ट मनातून जात नाही. त्या आजोबांना अग्नी मिळाला तो परक्या हातांनी, पण बेवारस म्हणून नाही. तिथे उभे असलेले लोक खरे रडले होते. ते अश्रू कुठल्या पत्त्यावर पोचले असतील? मला वाटतं, ज्यांच्यापुढे ते वाहिले, त्यांच्याकडेच.

२०२० आणि २१ मध्ये तुमच्यापैकी कितीतरी जणांचे आजोबा, काका, वडील असेच गेले. खांदा देता आला नाही, कुणी फोनवर चिता पाहिली, दहावं-तेरावं नीट झालं नाही. आज पान वाढताना ते सलतं, आणि कावळा नाही आला की जास्तच सलतं. त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: आपल्या धर्माने ही वेळ आधीच ओळखली आहे. देहच हाती लागला नाही, तर पळसाच्या पानांची किंवा दर्भाची प्रतिमा करून संस्कार करावा, असा विधी सांगितलेला आहे. तिथी माहीत नसेल तर आजची अमावस्या आहे. तर्पणात, ज्यांना पाणी द्यायला कुणीच उरलं नाही अशांसाठीही ओंजळ आहे. म्हणजे दार कुणासाठीच बंद नाही. "राहून गेलं" म्हणून गती अडली, ही भीती मनातून काढा. श्राद्ध या शब्दातच श्रद्धा आहे.

पण मंडळी, श्रद्धा म्हणजे फोटोला हार नव्हे. महाभारत भीष्मांना वंदन करतं, आणि द्यूतसभेत द्रौपदी प्रश्न विचारत होती तेव्हा हा थोर माणूस ठोस उत्तर देऊ शकला नाही, हेही सांगतं. दोन्ही एकाच ग्रंथात. आपले आजोबाही असेच होते ना? कुणी घरासाठी खस्ता खाल्ल्या, पण आजीशी दोन शब्द गोड बोलले नाहीत. कुणी नातवंडांवर जीव टाकला, पण मुलाला कधी जवळ घेतलं नाही. त्यांना देव करून भिंतीवर टांगलं की ते आपल्याला काही शिकवू शकत नाहीत. जसे होते तसे आठवा. जे चांगलं ते पुढे न्या, जे चुकलं ते आपल्यापाशी थांबवा. हेही तर्पणच.

आणि शेवटचं. त्या ५८ रात्रींत युधिष्ठिर नुसता रडत बसला नाही. तो शेजारी बसून विचारत राहिला: राज्य कसं करावं, दान कुणाला द्यावं, दुःख कसं सोसावं. शांतिपर्व आणि अनुशासनपर्व या दोन मोठ्या पर्वांचा बराचसा भाग म्हणजे एका मरणोन्मुख आजोबांची उत्तरं आहेत. नातवाने विचारलं नसतं, तर ती त्यांच्याबरोबरच गेली असती.

म्हणून आजचा अभ्यास. तर्पणात तीन पिढ्यांची नावं घेतात: वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप. तुम्हाला पणजोबांचं नाव येतं? येत नसेल तर आज संध्याकाळी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला फोन करा आणि विचारा. नाव विचारा, गाव विचारा, काय काम करायचे ते विचारा, रागवायचे कशावरून तेही विचारा. वहीत लिहून ठेवा. मग एक ओंजळ त्यांच्या नावाने सोडा, आणि एक अशा कुणासाठी, ज्याचं नाव घ्यायला आज कुणीही नाही.

कावळा येईल न येईल. ओंजळ आपल्या हातात आहे.

राम कृष्ण हरी.