पाने राहिली, डाव गेला

एखादा खेळ मेला असे केव्हा म्हणावे? माणसाचे मरण वैद्य सांगतो, पुस्तकाचे प्रकाशक सांगतो. त्यातही पुस्तकाचे मरण कच्चे असते. आवृत्ती संपून पन्नास वर्षे झाली, तरी एखाद्या वाचनालयाच्या कपाटात धूळ खात पडलेली एक प्रत आणि ती उघडणारा एक माणूस, एवढ्यावर ते पुन्हा उठून बसते. खेळाचे तसे नाही. पट, फासे, सोंगट्या सगळे शाबूत असूनही खेळ मेलेला असू शकतो. कारण खेळ सामानात राहतच नाही. तो चार माणसांनी एकमेकांशी केलेल्या करारात राहतो. करार करणारी माणसे उठून गेली की मागे उरते ती अडगळ. फार सुंदर असली, तर तिला आपण कला म्हणतो.

सावंतवाडीच्या गंजिफांविषयी मी गेली काही वर्षे जे वाचतो आहे, विचार करतो आहे, त्याचे मूळ या भेदात आहे. आमच्या कासूवरून मुंबई-गोवा महामार्ग जातो. गणपतीत आणि शिमग्यात या रस्त्याने तळकोकणात जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते, आणि परतताना त्यांतल्या कित्येकांत सावंतवाडीची लाकडी फळे आणि खेळणी असतात. क्वचित एखाद्याच्या पिशवीत रंगीत डबी असते आणि तिच्यात गोल, लाखेच्या रोगणाने चकाकणारी, हाताने रंगवलेली पाने. ती घरी जाऊन काचेच्या कपाटात बसतात, किंवा चौकटीत जडून भिंतीवर चढतात. पाहुणा विचारतो, “हे काय?” यजमान सांगतो, “गंजिफा. पूर्वी खेळत असत.” कसे खेळत असत, हे पाहुणा विचारीत नाही. यजमानाचेही त्यामुळे निभावते.

तर कसे खेळत असत? दशावतारी गंजिफेत रंग दहा, एकेका अवताराचा एक. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. अशी एकूण १२० पाने. खेळणारे तीन, म्हणजे प्रत्येकाच्या हाती चाळीस पाने. (ही चाळीस पाने एका हातात कशी धरायची, हे ज्याने करून पाहिले त्यालाच कळेल.) हुकूम नाही. पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, तर उरलेल्या पाच रंगांत नेमके उलट, एक्का मोठा आणि दश्शी सर्वांत हलकी. पानावर आकडा किंवा अक्षर नाही; मासे मोजायचे, कासवे मोजायची, परशू मोजायचे. कोणते पान पडून गेले आणि कोणते अजून कोणाच्या हाती दबा धरून आहे, हे शेवटपर्यंत ध्यानात ठेवणे, हा सगळा खेळ. आणि पहिली उतारी कोणाची? दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची. रात्री खेळत असाल तर ज्याच्याकडे कृष्णाचा राजा त्याची. एकाचा जन्म भर दुपारचा, दुसऱ्याचा मध्यरात्रीचा. कोकणातल्या माणसाला यापेक्षा अधिक स्पष्टीकरण लागू नये.

विसाव्या शतकाच्या मध्याला ही पाने करणारे चितारी जवळजवळ संपले होते. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी एका वृद्ध चिताऱ्याकडून ती विद्या घेतली, राजवाड्यातच कारागीर बसवले, आणि हात चालू राहिले. हे काम मोठे आहे. त्याविषयी आदराखेरीज दुसरा शब्द माझ्याजवळ नाही. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजे इथल्या नावावर तिथले पान कोणी विकू नये, याची सोय झाली. पण मानांकन पानाला मिळते, डावाला कसे मिळणार? चितारी शिकवता येतो, त्याला मजुरी देता येते. खेळणाऱ्याला मजुरी द्यायची म्हटले, तर तो खेळ उरत नाही. राजाने मनात आणले तर पाने जगतात. डाव जगवायला तीन रिकामटेकडी माणसे लागतात, आणि ती राजालाही सहज मिळत नाहीत. त्याच मुलखात दशावतारी नाटक बघा. तेच दहा अवतार, पण तिथे नट उभ्या उभ्या संवाद रचतो आणि समोरचा गाव त्याला दाद देतो किंवा देत नाही. तो करार रोज रात्री नव्याने होतो; म्हणून दशावतार मंडपात जागा आहे आणि पानांवर झोपला आहे.

आता खरा प्रश्न. समजा कोणी तीन तरुण माणसे बसली आणि म्हणाली, आम्हाला हा खेळ खेळायचा आहे, पण १२० पाने फार होतात, उलटे रंग डोक्यात राहत नाहीत, आणि राम-कृष्णाचे ते दिवस-रात्रीचे झेंगट काढून टाका. त्यांना काय सांगावे? मेलेल्या खेळाचे आपण काही देणे लागतो का?

एक पक्ष म्हणतो, नियम बदलला की खेळ बदलला. मग जुने नाव कशाला लावता? मला या पक्षाचा करारीपणा आवडतो, पण त्याला इतिहासाची साथ नाही. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनाला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. त्याचा नातू अकबर. त्याच्या दरबारात बारा रंगांची, १४४ पानांची गंजिफा होती, आणि तिच्यात अकबराने स्वतः फेरफार केले, असे अबुल फझल ‘ऐने अकबरी’त लिहून ठेवतो. पुढे मोगली गंजिफा रूढ झाली ती आठ रंगांची, ९६ पानांची. तिथल्या तलवारी, मोहरा काढून कोणीतरी दहा अवतार बसवले, तेव्हा आपली दशावतारी गंजिफा झाली. म्हणजे ज्याला आपण मूळ म्हणून हात जोडतो, तोच मुळी एक बदल आहे. जो बदल करणाऱ्याचे नाव आपल्याला ठाऊक नसते, त्याला आपण परंपरा म्हणतो.

दुसरा पक्ष म्हणतो, खेळ खेळणाऱ्यांचा; त्यांना हवे तसे करू द्या. हेही अर्धेच. म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वोडेयरांनी एकोणिसाव्या शतकात पत्त्यांचे तेरा नवे खेळ रचले. त्यांतला सर्वांत मोठा अठरा रंगांचा, ३६० पानांचा. हौस दांडगी, बुद्धी अफाट. पण ते खेळ राजवाड्याबाहेर रुजले नाहीत. त्या खेळांना राजाची मर्जी होती, पण लोकांच्या सवयीची मुळी नव्हती. युरोपात उलटे घडले. टॅरोची पाने पंधराव्या शतकात इटलीत निघाली ती हात जिंकण्याच्या साध्या खेळासाठी. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्यावरून भविष्य सांगायची टूम निघाली आणि बऱ्याच जगाला आता तेवढेच माहीत आहे. मायकेल डमेट हा ऑक्सफर्डचा नामांकित तत्त्वज्ञ. त्याने १९८० साली या पानांच्या खेळांवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला, आणि लोकांनी खरोखर बसून खेळावे म्हणून बारा टॅरो खेळांचे नियम वेगळ्या पुस्तकात दिले. तत्त्वज्ञाला दुसरी कामे नव्हती काय, असे माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या मास्तराला प्रथम वाटले. पण विचार करता त्याच्या चिकाटीतले नीतीचे अंग दिसू लागते. कोणी कशासाठी काय केले होते, हे खरे सांगणे, एवढे ते अंग आहे.

माझा कौल त्या बाजूला आहे. बदल करावा, खुशाल करावा. पण जुना नियम जसा सापडला तसा एका जागी लिहून ठेवावा, आपला नियम दुसऱ्या जागी लिहावा, आणि दोहोंची सरमिसळ करू नये. रुडॉल्फ फॉन लायडेन हा मुंबईत राहिलेला जर्मन माणूस हिंदुस्थानातल्या गंजिफा जमवीत हिंडला. १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या प्रदर्शनासाठी त्याने जे पुस्तक लिहिले, त्यामुळे आपल्याच घरची गोष्ट आपल्याला परक्याच्या वहीत वाचायला मिळते. याची लाज वाटून घेण्यापेक्षा आपली वही सुरू करावी, हे बरे. जो नियम सर्वांत निरुपयोगी दिसतो, तो तर आधी लिहावा. दिवसा राम आणि रात्री कृष्ण, या नियमाने डावाचा निकाल फारसा बदलत नाही. पण त्यात समईच्या उजेडात बसलेली माणसे आहेत, रात्र हीच रिकामी असलेली माणसे आहेत. तो काढला की चाळीस हातांचे गणित उरते आणि माणसे उठून जातात.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेत मी जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याची १२० गोल पाने मुलांकडून करवून घेतली. वराह कोणाला साधेना, तेव्हा त्याच्या जागी नुसते सुळे काढले. सातवीतला एक मुलगा पहिल्याच दिवशी म्हणाला, “सर, शाळा काय रात्री भरते? कृष्णाचा नियम काढून टाकू या.” वर्गाला ते पटले. दोन-तीन दिवसांनी दुपारी असा काही पाऊस कोसळला की वीज गेली आणि वर्गात पान ओळखू येईना. तेवढ्यात एका मुलीने आपल्याजवळचा कृष्णाचा राजा जमिनीवर आपटला आणि म्हणाली, “आता रात्र आहे. उतारी माझी.” रामाचा राजा ज्याच्याकडे होता तो उसळला. दिवस घड्याळावर ठरतो की उजेडावर, यावर तास संपेपर्यंत भांडण झाले. मी मध्ये पडलो नाही. अखेर ठरले, की दोन हातांवर धरलेले पान ओळखता आले नाही तर रात्र. कृष्णाचा नियम त्या दिवसापासून कोणी काढा म्हणत नाही.

वहीत डावीकडच्या पानावर जुना नियम आहे, उजवीकडे हा नवा, खाली ‘कासू’ असे लिहून. वहीची उजवी बाजू झपाट्याने भरते आहे, हे खरे. खेळ तिघांचा आणि एका बाकावर मुले चार, हे मात्र अजून जमलेले नाही. चौथ्याने नुसते हात मोजावेत, असा एक ठराव आला होता. तो चौथ्याने फेटाळला.