थांबण्याचे धैर्य

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी खारदांड्याच्या कोळीवाड्यात एका परिचित कुटुंबाकडे जाण्याचा योग आला. पावसाळाभर किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या पुन्हा समुद्रावर जाऊ लागल्या होत्या, आणि वाड्यात दोन महिन्यांच्या सक्तीच्या विश्रांतीनंतर येणारी लगबग दिसत होती. घरातील वृद्ध गृहस्थ पूर्वी तांडेल होते. त्यांचा २२ वर्षांचा नातू मात्र समुद्राकडे न वळता रस्त्याकडे वळला. अवजड वाहनाचा परवाना मिळवून तो माल वाहून नेणाऱ्या एका कंपनीत उमेदवार म्हणून दाखल झाला आहे. प्रथम काही आठवडे वर्गात व मैदानावर शिक्षण, नंतर जुन्या चालकाच्या शेजारी बसून लांबच्या खेपा आणि अखेर स्वतंत्र गाडी, असा तेथील क्रम. सणासाठी तो दोन दिवस घरी आला होता; परंतु त्याच्या मुद्रेवर सणाची कळा नव्हती.

कारण विचारता त्याने हकीकत सांगितली. न्हावाशेव्याहून इंदूरकडे माल घेऊन जाण्याची त्याची एकट्याची ती पहिलीच खेप. धुळे मागे पडल्यावर पहाटे तीनच्या सुमारास त्याचे डोळे मिटू लागले. एका पेट्रोलपंपाच्या आवारात गाडी उभी करून तो दोन तास झोपला. त्या दोन तासांमुळे माल उतरवून घेण्याची वेळ टळली आणि गाडीला एक दिवस खोळंबून राहावे लागले. त्याच्या भत्त्यातून काही रक्कम कापण्यात आली आणि उमेदवारीच्या पत्रकावर विलंबाचा शेरा पडला. पैशाचे त्याला फारसे वाटले नव्हते. शेरा मात्र त्याच्या मनाला लागला होता. तो म्हणाला, "काका, झोप आली तर गाडी बाजूला घ्या, हे वर्गात त्यांनीच शिकवले. मी तसेच केले. मग माझे चुकले काय?"

मी उत्तर देण्यापूर्वीच वृद्ध तांडेल बोलले. त्यांचे शब्द कोळी बोलीतले. मी ते ग्रांथिक भाषेत देतो. "वारा फिरला की मी होडी फिरवीत असे. जाळे रिकामे आहे की भरलेले, हे पाहत नसे. नाखव्याने मला त्याचा जाब कधी विचारला नाही. विचारील कसा? तोही त्याच होडीत होता."

त्या मुलाच्या प्रश्नास घाईने उत्तर देणे सोपे आहे. जीव मोठा की माल मोठा, असे विचारल्यास माल मोठा असे म्हणणारा मनुष्य सापडणार नाही. त्याच्या कंपनीचा अधिकारीही तसे म्हणणार नाही. परंतु पहाटे तीन वाजता चालकापुढे उभा राहणारा प्रश्न या स्वरूपाचा नसतोच. विलंब झाला तर होणारे नुकसान निश्चित असते. गाडी पुढे हाकली तर होणारा अनर्थ केवळ संभाव्य असतो. शेकडो रात्री पेंगत गाडी हाकूनही मनुष्य सुखरूप पोहोचतो, आणि प्रत्येक वेळी सुखरूप पोहोचल्याने आपण योग्यच वागलो असा त्याचा समज दृढ होत जातो. उलट जो थांबला, त्याच्याजवळ आपल्या वर्तनाचे समर्थन करण्यास पुरावा कोणता? जो अपघात झालाच नाही, त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नसते. विलंबाची नोंद मात्र तत्काळ होते. विवेकी मनुष्य येथे नेहमीच प्रतिवादीच्या पिंजऱ्यात उभा असतो, आणि त्याचा एकमेव साक्षीदार म्हणजे न घडलेली गोष्ट! म्हणूनच थांबण्यास लागणारे धैर्य हे पुढे जाण्याच्या धैर्याहून निराळ्या जातीचे आहे. पुढे जाणाऱ्यास यश मिळाले तर कीर्ती मिळते. थांबणाऱ्यास यश मिळाले तरी कोणाला कळत नाही.

वस्तुतः अवजड वाहन चालविण्याच्या शिक्षणात थांबण्याचाच भाग मोठा असतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे सरकते. तीन सेकंद डोळा लागला तर ती ५० मीटर विनाचालक धावली असे समजावे. तीन आसांच्या मालमोटारीचे वजन मालासह २८.५ टनांपर्यंत असू शकते. एवढा भार घाट उतरू लागला म्हणजे केवळ ब्रेकवर विसंबून चालत नाही. ब्रेक सतत दाबून धरले तर ते तापतात, आणि तापले की पकड सोडतात. म्हणून जो चढ ज्या गिअरमध्ये चढावा, तोच उतार त्याच गिअरमध्ये उतरावा आणि गाडीचा वेग इंजिनाकडूनच रोखून धरावा, असा जुन्या चालकांचा दंडक आहे. थोडे डिझेल वाचावे म्हणून उतारावर गिअर सोडून देण्याचा मोह अनेकांना होतो. हा मोह किती क्षुद्र आणि त्याचे मोल किती भयंकर, हे घाटाच्या पायथ्याशी चेंदामेंदा होऊन पडलेल्या गाड्या पाहिलेल्या कोणासही सांगावयास नको. चढणाऱ्याने व उतरणाऱ्याने एकमेकांस कसे वागवावे, याविषयी कायद्याचाही एक सुंदर नियम आहे. डोंगरातील अरुंद रस्त्यावर दोन वाहने समोरासमोर आली तर उतरणाऱ्याने थांबावे व चढणाऱ्यास वाट द्यावी. ज्याला गती फुकट मिळाली आहे, त्याने ती आवरून कष्टाने चढणाऱ्यास आधी जाऊ द्यावे, यात निव्वळ वाहतुकीपेक्षा काही अधिक शिकण्यासारखे आहे असे मला वाटते.

अशा प्रकारचे शिक्षण नियमाने ३० दिवसांचे असते आणि त्यात प्रत्यक्ष वाहन चालविण्याचे तास निदान १५ असावे लागतात. पूर्वी हेच शिक्षण वर्षानुवर्षे चाले. मुलगा क्लीनर म्हणून गाडीवर चढे, काच पुसे, टायर ठोकून पाही, चाकाखाली दगड लावी, आणि वस्तादाच्या शिव्या खात खात एक दिवस चक्रापाशी बसे. त्या पद्धतीत अन्याय पुष्कळ होता, आणि ती गेली याबद्दल शोक करण्याचे कारण नाही. मात्र तीत एक गुण होता: वस्ताद कोणत्या ठिकाणी घाबरतो, हे मुलाला जवळून दिसत असे. पंधरा तासांत हात तयार होतील. नेमके कोठे भ्यावे हे कळण्यास तेवढा काळ पुरत नाही.

येथे कोणी म्हणेल की, प्रत्येक चालक आपल्या लहरीने थांबू लागला तर व्यापार चालावयाचा कसा? शिवाय नवशिक्यास स्वतःच्या थकव्याची पारख नसते, आणि आळसाला झोपेचे नाव देणारेही निघतील. हे आक्षेप पोकळ नाहीत. किंबहुना ते खरे आहेत म्हणूनच थांबण्याचा भार एकट्या चालकाच्या सदसद्विवेकबुद्धीवर टाकणे चूक आहे. या बाबतीत समुद्राचा कायदा पाहण्यासारखा आहे. पावसाळ्यात मासेमारी करू नये, ही कोळ्यांची परंपरा. नारळी पौर्णिमेस सागराला नारळ अर्पण करून मगच होड्या लोटावयाच्या. आज सरकारी बंदीही १ जूनपासून सुरू होते. या काळात घरी बसणाऱ्या कोळ्यास कोणी भित्रा म्हणत नाही, कारण शेजारची होडीही किनाऱ्यावरच असते. सर्वच थांबतात, म्हणून कोणालाच थांबण्याची लाज वाटत नाही. एकट्याला जे वीरकृत्य वाटले असते, तो सर्वांचा आचार झाल्याबरोबर साधी गोष्ट होऊन बसली.

रस्त्यासाठीही नियम नाही असे नव्हे. मोटार वाहतूक कामगारांविषयीच्या १९६१ च्या कायद्याने दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तासांची सर्वसाधारण मर्यादा घातली होती, आणि सलग ५ तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. पण समुद्रावरील नियम वाड्यातील प्रत्येकास दिसतो. रस्त्यावरील नियम रात्री तीन वाजता कोणाला दिसणार? तेथे चालक, त्याची झोप आणि कंपनीच्या कचेरीतून येणारा दूरध्वनी, एवढे तिघेच असतात.

आता वृद्ध तांडेलांच्या शब्दांकडे वळू. कठोपनिषदात देहाला रथ, आत्म्याला रथी, बुद्धीला सारथी आणि मनाला लगाम म्हटले आहे. हे रूपक आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण त्यातील एक गोष्ट माझ्या ध्यानात त्या दिवशी प्रथमच आली. त्या रथात रथी स्वतः बसलेला आहे. सारथ्याने घोडे खड्ड्यात घातले तर तोही खड्ड्यातच जाणार. नाखवा आणि तांडेल यांचे नाते असेच होते. धोका एकाच होडीत होता आणि जे हाती येई त्याचेही वाटे पडत. आजच्या मालमोटारीचा रथी गाडीत नसतो. वेळेवर पोहोचल्याचा लाभ एकाकडे जातो, आणि न पोहोचल्याचा दोष अथवा मृत्यू दुसऱ्याकडे. ही फाळणी झाली की मालकाचा स्वभाव कितीही दयाळू असला तरी त्याच्या आज्ञा क्रूर होऊ लागतात, कारण त्यांचे फळ त्याला भोगावे लागत नाही.

ही गोष्ट केवळ आपल्याकडचीच नव्हे. इंग्लंडात जहाजांत बेसुमार माल भरण्याची प्रथा होती. बुडाले तर मालकास विम्याची रक्कम मिळे, खलाशी मात्र प्राणास मुकत. सॅम्युअल प्लिमसॉल या पार्लमेंटच्या सभासदाने त्याविरुद्ध चळवळ केली. १८७६ साली जहाजाच्या अंगावर भाररेषा काढण्याची सक्ती झाली. पण ती रेषा कोठे काढावयाची हे मालकावरच सोपविले होते! १८९० मध्ये रेषेची जागा कायद्याने ठरविली गेली, तेव्हा कोठे त्या रेषेस अर्थ आला. थांबण्याची मर्यादा ज्याला थांबल्याने तोटा होतो त्यानेच ठरवावयाची असेल, तर ती मर्यादा नसून शोभेची रेघ होय.

थांबण्याचा आणखी एक प्रसंग आहे, आणि तो अधिक कठीण आहे. अपघात घडल्यावर चालकाने थांबावे की पळावे? बेदरकारपणे वाहन चालवून एखाद्याचा जीव घेणारा आणि पोलिसांस न कळविता निघून जाणारा चालक १० वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र ठरेल, असे कलम भारतीय न्याय संहितेत घालण्यात आले. जानेवारी १९२४ नव्हे, २०२४ च्या आरंभीच देशभर मालमोटारींच्या चालकांनी त्याविरुद्ध संप केला. १ जुलै २०२४ रोजी संहिता अमलात आली तेव्हा ते एक कलम बाजूस ठेवण्यात आले. जखमी मनुष्यास टाकून पळणे हे पाप आहे, यात वाद नाही. पण त्या पोराने मला विचारले की, "थांबलो आणि लोकांनी ठेचून मारले तर?" तेव्हा मला उत्तर सुचले नाही. तो ज्या जमावास भितो, त्या जमावात तुमच्याआमच्यासारखी माणसेच असतात. थांबणाऱ्याचा जीव सुरक्षित राहील, अशी हमी न देता त्याच्याकडून थांबण्याची अपेक्षा करण्याचा आपला अधिकार लंगडा आहे.

सन २०२२ मध्ये आपल्या देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातांत दगावली. या आकड्यातील सर्व दोष चालकांच्या डोळ्यांवरील झोपेचा नाही, हे खरे. परंतु त्यातील काही वाटा तरी आपल्या घाईचाही असला पाहिजे. आज मागविलेली वस्तू उद्या सकाळी दारात हवी, असे आपण सहज म्हणतो. त्या 'उद्या सकाळी'ची रात्र कोणी जागून काढली, हे आपण विचारीत नाही. आपणही त्या रथातील अनुपस्थित रथी आहोत.

त्या मुलास मी अखेर एवढेच म्हणालो, "तुझे चुकले नाही. पुन्हा झोप आली तर पुन्हा थांब." उत्तर खरे होते, पण ते देताना मला संकोच वाटला. मी त्याला उपदेश केला होता आणि त्याची किंमत मात्र त्यालाच भरावयास सांगितली होती. कंपनीने त्याच्या पत्रकावर शेरा मारला आणि मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. खर्च दोघांनीही त्याच्याच खात्यावर टाकला. धैर्य हा गुण व्यक्तीचा खरा. परंतु ज्या समाजात साधे थांबण्यासही धैर्य लागते, त्या समाजाने त्या गुणाची स्तुती करण्यापूर्वी त्याची गरज कमी करण्याच्या उद्योगास लागावे, हे उचित होय. दुसऱ्या दिवशी पहाटे तो कामावर परतला. त्याच्या आजोबांच्या पिढीतील नाखव्याप्रमाणे त्याच्या होडीत कोण बसणार, हा प्रश्न मात्र त्याच्याबरोबर गेला नाही. तो आपल्यापाशीच राहिला आहे.