वेलांटीचा अपराध

'शुद्धलेखन' या शब्दातच निम्मा निकाल लागलेला असतो. नियमाप्रमाणे लिहिले ते शुद्ध, म्हणजे उरलेले सारे अशुद्ध. आणि अशुद्ध म्हटले की आपल्या मनात सोवळे-ओवळे, विटाळ असल्या जुन्या गोष्टी आपोआप जाग्या होतात. मुलाचे गणित चुकले तर आपण 'चुकले' एवढेच म्हणतो. भूगोलाच्या पेपरात त्याने कृष्णेला अरबी समुद्रात नेऊन सोडले तरी शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर हसण्यापुरताच तो विषय असतो. पण 'मी पानि पिलो' असे कुणी लिहिले, की त्याचे घर, त्याची जात, आईबापांचे शिक्षण, त्याच्यावरचे संस्कार हे सगळे आपण त्या एका वेलांटीवरून ताडून मोकळे होतो. गेली अठ्ठावीस वर्षे मी मराठी शिकवतो आहे आणि लाल शाईच्या किती दौती रिकाम्या केल्या याचा हिशेब माझ्यापाशी नाही. त्या शाईने आपण नेमका कशाचा न्याय करतो, हा प्रश्न अलीकडे मला स्वस्थ बसू देत नाही.

आपल्या सीमाभागात तर या प्रश्नाला आणखी एक काटा आहे. पुण्याच्या मुलाने 'दीर्घ'चा 'दिर्घ' केला तर ती त्याची एकट्याची चूक असते. आपल्याकडे तीच चूक भाषेवर आलेले संकट ठरते. दुकानावरची पाटी, लग्नपत्रिका, गणेशोत्सवाचा फलक यांतून आपण आपले मराठीपण सांभाळत आलो. तेव्हा त्यांत काना-मात्रा चुकली की कुणीतरी घरचा भेदी निघाल्यासारखे वाटते. ही भावना मला समजते, किंबहुना ती माझीही आहे. पण तिचे ओझे आठवीतल्या पोराच्या मानेवर ठेवावे का?

ज्या नियमांसाठी आपण इतके हळवे होतो ते काही सह्याद्रीइतके जुने नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ सालचे, त्यांत चारांची भर पडली ती १९७२ साली. त्याआधी शिकलेली माणसे 'घरांत' लिहीत, 'केलें' लिहीत, आणि अनुच्चारित अनुस्वार गाळणारा अडाणी ठरे. नंतर तो देणारा जुनाट ठरला. 'कवि' आणि 'गुरु' यांचे 'कवी' आणि 'गुरू' झाले. आणखी मागे गेलो तर मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळतच नसत. ज्या लिपीत शतकानुशतके दौलतीचा कारभार चालला, तहनामे झाले, वतनांच्या सनदा निघाल्या, तिला पहिली वेलांटी की दुसरी हा प्रश्नच पडला नाही. त्या कारकुनांना कुणी अशुद्ध म्हणाले नसेल.

नियम नकोत, असे मी म्हणतो आहे असे कृपया समजू नये. रस्त्याच्या डाव्या बाजूने जाण्याचा नियमही माणसानेच केलेला आहे, तरी तो पाळावा लागतो. 'दिन' आणि 'दीन' यांत फरक राहावा हे बरेच. मात्र संकेत मोडणे आणि पाप करणे यांत जे अंतर आहे ते आपण पुसून टाकले, आणि त्याचा उपयोग अनेकदा समोरच्याचे म्हणणे न ऐकण्यासाठी केला. महात्मा फुल्यांच्या पुस्तकांवर विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त टीका केली तेव्हा त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची थट्टा केली. 'गुलामगिरी' १८७३ची. तिच्यातला प्रश्न आजही उभा आहे. व्याकरणाची थट्टा मात्र अभ्यासकांपुरती उरली. माणूस काय म्हणतो याला उत्तर नसले की तो ते कसे लिहितो याकडे बोट दाखवणे सोपे जाते.

आता त्या मुलांकडे वळू, ज्यांना हा संकेत शिकण्याची इच्छा आहे, जी घोकतात, दहा-दहा वेळा लिहून आणतात, आणि तरीही अकराव्या वेळी चुकतात. १८९६ साली इंग्लंडमधील सीफर्ड गावच्या प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या अशाच एका मुलाची हकीकत ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. मुलगा हुशार, दृष्टी चांगली, आकडेमोडीत अडचण नाही. पण वाचता येईना, आणि स्वतःचे नाव लिहितानाही अक्षरांची अदलाबदल करी. शिकवणे सगळे तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. या अवस्थेलाच आज डिस्लेक्सिया म्हणतात. हा आळस नव्हे, मंदबुद्धी नव्हे, डोळ्यांचा विकारही नव्हे. कानावर पडलेल्या शब्दाचे ध्वनी सुटे करून ते अक्षरांशी जोडण्याचे मेंदूतले काम अशा मुलांत अडखळत चालते आणि हे पुष्कळदा घराण्यात उतरते. २००१ साली इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी बोलणाऱ्या अशा प्रौढांची तुलना प्रसिद्ध झाली. मेंदूतला अडथळा तिघांत सारखा आढळला, पण इटालियन मंडळी वाचनात बरीच बरी होती, कारण त्यांच्या भाषेचे लेखन उच्चाराला धरून चालते. म्हणजे अडचण मुलात असते खरी, पण ती किती बोचावी हे लिपी आणि शाळा मिळून ठरवतात.

आमच्या मुलांना तर एकाच वेळी तीन लिप्या पेलायच्या असतात. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात अक्षरानंतर येते आणि कागदावर आधी. कन्नडात जोडाक्षरातले दुसरे व्यंजन ओत्तक्षर होऊन खाली उतरते. कन्नडला ए आणि ओ यांचेही ऱ्हस्व-दीर्घ आहेत आणि ते कानाला स्पष्ट ऐकू येतात: 'कोडु' म्हणजे दे, तोच 'को' लांबवला की शिंग. मराठीत उलट कारभार. 'कवी'तली वी तुम्ही कितीही कान देऊन ऐका, ती पहिली की दुसरी हे कान सांगणार नाही; तेथे नियमच पाठ हवा. त्यावर इंग्रजी, जिच्या स्पेलिंगला न्याय असा नाहीच. निरोगी मुलालाही घाम फुटावा असे हे गणित आहे. एका पालकांनी मला सांगितले, "सर, पोरगं तोंडी सगळं सांगतंय बघा, वही पुढं आली की गप्प होतंय." त्या मुलाच्या वहीत 'घ'चा 'ध' आणि 'भ'चा 'म' झालेला असे, मात्रा उडालेल्या असत. खालच्या वर्गातल्या शेऱ्यांत मात्र तीनच शब्द आलटून पालटून येत: निष्काळजी, आळशी, लक्ष नाही. एकाही शेऱ्यात 'याला जमत नाही' असे नव्हते. जमत नाही म्हटले की शिकवणाऱ्यावर काही जबाबदारी येते. निष्काळजी म्हटले की ती मुलावर जाते.

दोष कुणावर तरी ढकलल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही, याचा याहून कठोर नमुना मी एका विद्यार्थिनीच्या घरी पाहिला. तिचा सात वर्षांचा भाऊ स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला. त्याच्या आईला कुणीतरी सांगितले, गहू आणि दूध बंद करा, मूल बोलू लागेल. मुलगा मुळात खात असे तीनच गोष्टी, चपाती, दहीभात आणि बिस्किटे. त्या काढून घेतल्या. भाकरीला तो तोंड लावीना. पोर वाळले. आणि सहा महिन्यांनी बोलणे आले नाही तेव्हा नातेवाईक म्हणाले, "तुझ्याकडनं पथ्य नीट पाळलं गेलं नसणार." औषध लागू पडले नाही तर आपण औषध बदलतो, पण पथ्य लागू पडले नाही तर पाळणारी दोषी ठरते.

या मातांवर हा आरोप नवा नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांवरून या अवस्थेचे वर्णन केले. पुढे आईबापांच्या थंडपणामुळे मूल असे होते हा समज पसरला. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ सालच्या पुस्तकाने तो आणखी घट्ट केला. एका स्वमग्न मुलाचे वडील असलेल्या बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ सालीच तो खोडून काढला होता, आणि १९७७ साली जुळ्या मुलांच्या अभ्यासाने आनुवंशिकतेकडे बोट दाखवले. आईची माया निर्दोष सुटली, तोवर तिचे स्वयंपाकघर आरोपीच्या पिंजऱ्यात आले. ग्लुटेन आणि केसीन, म्हणजे गव्हातले आणि दुधातले प्रथिन, बंद केल्याने स्वमग्नता कमी होते असा भरवशाचा पुरावा चाचण्यांतून मिळालेला नाही. ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शिकेने तर २०१३ साली स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांसाठी असे पथ्य देऊ नये असे म्हटले. अन्नाचा काहीच संबंध नाही असेही नाही. न बोलणाऱ्या मुलाला बद्धकोष्ठाने कळा येत असतील तर ते डोके आपटते, आणि पोट बरे झाले की शांत होते. गव्हाचा खरा आजार, सिलिअ‍ॅक, तपासणीत निघाला तर गहू सोडावाच लागतो. पण ही डॉक्टरांनी तपासून ठरवण्याची गोष्ट आहे. शेजारणीच्या सल्ल्याने मुलाच्या ताटातला घास काढण्याची नव्हे.

कायद्याने आपल्यापुढे पाऊल टाकले आहे, हे सांगायला हवे. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या यादीत सात प्रकार होते. त्यांत ना स्वमग्नता होती ना अध्ययन अक्षमता. २०१६च्या कायद्यात एकवीस आहेत आणि त्यांत या दोन्ही आहेत. शालान्त परीक्षेत ज्यादा वेळ, लेखनिक अशा सवलती प्रमाणपत्रावर मिळू शकतात. दरम्यान २००७ साली 'तारे जमीं पर' हा चित्रपट आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द खेड्यापाड्यांत पोचला. तरी सवलतीची गोष्ट निघाली की एक प्रश्न हमखास येतो: जो रात्र रात्र जागून वेलांट्या पाठ करतो त्याच्यावर हा अन्याय नाही का? प्रश्न वाजवी आहे. मी एवढेच विचारतो की पेपर कशाचा आहे. इतिहासाच्या पेपरात पानिपतची कारणे विचारली असतील तर वेलांटीचे गुण कापणे म्हणजे तराजूत भलतेच वजन टाकणे होय. लेखननियमांच्या प्रश्नात मात्र कापावेत. तेथे मोजायचे तेच आहे.

निबंधाचे मात्र अवघड. वर उल्लेखिलेल्या मुलाने गेल्या साली स्नेहसंमेलनाच्या स्पर्धेसाठी आपल्या आजोबांच्या बैलजोडीवर लिहिले. दीड पानात चाळीसेक चुका, आणि तरी बाकीच्या सगळ्या निबंधांत जिवंत असा तो एकच. आमचे एक ज्येष्ठ सहकारी, भाषेसाठी चळवळीत लाठ्या खाल्लेले, म्हणाले, "सर, याला पहिलं बक्षीस दिलं तर कानडी शाळेतले मास्तर आपल्याला हसतील." मी म्हटले, तो वाचून दाखवू दे, आपण ऐकून गुण देऊ. तसे केले; बक्षीस त्याला मिळाले आणि निबंध फलकावर लागला तो वर्गमित्राने उतरवलेला. सहकाऱ्यांनी निकाल मान्य केला, पण जिन्यात मला अडवून विचारले, "उद्या हा तहसीलदाराला अर्ज लिहील तेव्हा उतरवून द्यायला कोण असणार?" याला माझ्यापाशी वादातले उत्तर नाही. जूनपासून शाळा भरण्याआधी वीस मिनिटे तो आणि आणखी चौघे माझ्या खोलीत बसतात. एक ध्वनी तोंडाने म्हणायचा, परातीतल्या वाळूत बोटाने गिरवायचा, मग पाटीवर. 'घ' आणि 'ध' यांना आम्हाला तीन आठवडे लागले. परवापासून जोडाक्षरे घेतली आहेत, आणि वाळू चाळून द्यायला ते ज्येष्ठ सहकारी येऊ लागले आहेत.