दीक्षा एका दिवसाची, सोडणे रोजचे



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पूज्य भदन्त चंद्रमणी महास्थविरांकडून धम्मदीक्षा घेतली आणि त्यानंतर लाखो बांधवांना स्वतः २२ प्रतिज्ञा दिल्या. या प्रतिज्ञा आपण लग्नात, गृहप्रवेशात मोठ्याने म्हणतो. त्यांचा अर्थ मनात घोळवून पाहा. त्यांतल्या कितीतरी प्रतिज्ञा काहीतरी सोडण्याच्या आहेत. जुने देव सोडा, श्राद्ध-पिंडदान सोडा, चोरी सोडा, दारू सोडा. म्हणजे धम्माच्या घरात शिरताना उंबऱ्याबाहेर पुष्कळ ओझे उतरवून ठेवावे लागते. ते ओझे डोक्यावरून उतरते एका दिवसात. मनावरून उतरायला आयुष्य लागते.

नुकतीच दीक्षा झालेल्या घरात काय घडते? तरुण मुलगा देव्हारा काढायला उठतो आणि म्हातारी आई टाक मुठीत घट्ट धरून बसते. मुलगा चिडतो, आई रडते. अशा वेळी तरुणांनी थोडे थांबावे. त्या टाकात तिला देव दिसतो तशी तिची सासूही दिसते. गावात डॉक्टर नव्हता, पोर तापाने फणफणत होते, तेव्हा तिच्या हाती अंगाऱ्याशिवाय दुसरे काय होते? भीतीच्या रात्री जो आधार धरला तो सुटताना दुखणारच. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. जुना आधार काढायचा तर तिथे नवा द्यावा लागतो. नातवाला ताप आला की तिच्याबरोबर दवाखान्यात जा. वडिलांच्या स्मृतिदिनी घरी त्रिशरण-पंचशील घ्या आणि त्यांच्या नावाने वस्तीतल्या मुलांना वह्या द्या. सहा महिन्यांत तिची मूठ आपोआप सैल होईल.

परंतु बंधू-भगिनींनो, देव्हारा सुटला म्हणजे सगळे सुटले असे समजू नका. तथागतांनी माणसाला बांधून ठेवणारी दहा संयोजने, म्हणजे बंधने, सांगितली आहेत. व्रतवैकल्ये आणि कर्मकांड यांना चिकटून राहणे हे त्यांतले एक. पण ते स्रोतापन्न अवस्थेतच, म्हणजे मार्गाच्या पहिल्याच टप्प्यावर तुटते. 'मान', म्हणजे मी दुसऱ्याहून मोठा ही भावना, मात्र अर्हत होईपर्यंत टिकते. देव्हारा भिंतीवर असतो, तो दिसतो. अहंकाराचा देव्हारा कोणालाच दिसत नाही.

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. मल्लांच्या अनुपिया नगरात भगवान बुद्ध असताना भद्दिय, अनुरुद्ध, आनंद, भगु, किंबिल आणि देवदत्त हे सहा कुलीन तरुण प्रव्रज्येसाठी निघाले. त्यांच्याबरोबर त्यांचा न्हावी उपाली होता. सीमेवर त्यांनी अंगावरचे दागिने उतरवून उपालीला दिले व त्याला परत पाठवले. उपालीने वाटेत विचार केला, गाठोडे झाडाला टांगले आणि तोही त्यांच्यामागे गेला. त्या तरुणांनी भगवंतांना विनंती केली की, आम्ही शाक्य फार अभिमानी आहोत; आमच्या आधी या उपालीला दीक्षा द्या, म्हणजे आम्हांला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा अभिमान उतरेल. भगवंतांनी तसेच केले. काल ज्याच्याकडून दाढी करून घेतली, त्याच्यापुढे शाक्यकुळातील मस्तके झुकली.

त्या झुकलेल्या मस्तकांत देवदत्ताचेही मस्तक होते. पुढे आनंद तथागतांची अखंड सेवा करीत राहिला. उपाली विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार झाला आणि राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे पठण त्यानेच केले. देवदत्ताला मात्र पुढे मानसन्मानाची चटक लागली. संघाचे पुढारीपण आपल्याकडे यावे म्हणून त्याने संघात फूट पाडली. दागिने त्यानेही उतरवले होते, वंदन त्यानेही केले होते. पण एकदा वाकलेला अभिमान पुन्हा ताठ होतो. त्याच्यावर रोज नजर ठेवावी लागते, ती देवदत्ताने ठेवली नाही.

आज आपल्या घरांत काय चालते? सोयरीक जमवताना आपण स्वतःला बौद्ध म्हणवतो आणि हळूच पोटजात विचारतो. जयंतीच्या समितीत अध्यक्ष कोण यावरून भावाभावांचे बोलणे बंद होते. शिकलेला मुलगा नोकरीला लागतो, शहरात घर घेतो आणि वस्तीतला चुलता दारात आला की त्याला संकोच वाटतो. ज्या उच्चनीचतेने आपल्या वाडवडिलांना पाणी तोडले, तीच आपल्या ताटाखाली लपून बसली तर नागपूरला आपण काय सोडले?

यावर उपाय सम्यक् व्यायामात आहे. न उपजलेला वाईट विचार उपजू न देणे, उपजलेला काढून टाकणे, न उपजलेला चांगला विचार उपजविणे व उपजलेला वाढविणे, असे ते चार प्रयत्न. घरात ते असे करता येतील. पोटजात विचारण्याचा शब्द ओठावर आला की तो गिळा. भावाशी अबोला धरला असेल तर तुम्ही आधी जा. विहारात आपल्याहून कमी शिकलेल्या माणसाला वंदना घ्यायला सांगा व त्याच्यामागे बसून म्हणा. रात्री निजताना स्वतःला विचारा, आज माझ्या हातून काय सुटले?

हे करताना जीव तुटेल, मन मागे ओढेल. शेतातले तण एकदा खुरपून भागत नाही, प्रत्येक पावसानंतर विळा-खुरपे हाती घ्यावे लागते. म्हणून काही शेतकरी शेत टाकून देत नाही. तथागत मार्गदाता आहेत, मोक्षदाता नाहीत. तण आपले आहे, खुरपेही आपल्याच हाती आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!