बारा वर्षांचे दुखणे आणि योग्य वैद्य



संत मार्कलिखित शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात एक स्त्री भेटते. तिचे नाव आपल्याला ठाऊक नाही, दुखणे मात्र ठाऊक आहे. बारा वर्षे तिचा रक्तस्राव थांबला नव्हता. अनेक वैद्य झाले, जवळचा पैसा संपला आणि आजार वाढतच गेला. आपल्या धर्मग्रामातही अशी माणसे आहेत. कुणाची कंबर, कुणाचे गुडघे, कुणाच्या गालात विजेसारखी उठणारी कळ. रिपोर्ट नॉर्मल येतात आणि घरचेच म्हणतात, "सगळे मनाचे खेळ आहेत."

प्रभू येशू याईराच्या मरणासन्न मुलीकडे निघाला होता. तरीही तो थांबला, त्या स्त्रीची सारी हकिगत त्याने ऐकून घेतली आणि तिला मुलगी म्हणून हाक मारली. चांगल्या डॉक्टरची पहिली खूण हीच: तो ऐकून घेतो.

तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र जुनाट वेदना म्हणते. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तिला स्वतंत्र स्थान आहे. म्हणजे रिपोर्टमध्ये काही दिसले नाही, तरी वेदना खोटी ठरत नाही. गालातली कळ कधी दातांची नसून चेहऱ्याच्या नसेची असते. ते न कळल्याने चांगले दातही काढले जातात. अशा वेळी मेंदू व मज्जासंस्थेच्या डॉक्टरकडे जायला हवे. मोठ्या रुग्णालयांत आता वेदनेसाठी वेगळे 'पेन क्लिनिक'ही असते.

काहींना वाटते, दुखणे हा आपला क्रूस आहे, मग गोळी कशाला? परंतु पोप पायस बारावे यांनी १९५७ साली भूलतज्ज्ञांसमोर स्पष्ट केले होते की वेदना कमी करणारे औषध घेण्यास ख्रिस्ती माणसाला मोकळीक आहे. सिराकच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय तर प्रार्थना कर आणि वैद्यालाही जागा दे, असेच शिकवतो. संत लूक स्वतः वैद्य होते, हे विसरू नये.

म्हणून आपण काही गोष्टी पाळू या. सर्व कागद एकाच फाइलमध्ये ठेवू या. वेदना कधी, कुठे, कशाने वाढते ते वहीत लिहू या. दुकानातून परस्पर वेदनाशामक गोळ्या घेत राहू नये; पोट आणि मूत्रपिंडे त्याची किंमत मोजतात. "पूर्ण बरे करतो" अशी हमी देऊन आगाऊ पैसे मागणाऱ्यापासून दूर राहू या. दुसऱ्या डॉक्टरचे मत घेणे म्हणजे पहिल्याचा अपमान नव्हे.

सगळ्यांचीच वेदना पूर्ण जाईल असे नाही. संत पौलांनी शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला, पण कृपा पुरली. वेदना निम्मी झाली, रात्री झोप लागली, मिस्साला चालत येता आले, तरी ते देवाचे दानच आहे. रुग्णाभ्यंगाचा संस्कारही केवळ मरणाच्या दारी नसतो. गंभीर आजारी आणि थकलेल्या वृद्धांनी तो अवश्य मागावा.

ती स्त्री गर्दीत एकटीच आली होती. आपल्या शेजारच्या दुखणाईताला तसे एकटे जावे लागू नये. या आठवड्यात आपल्यापैकी कुणीतरी त्याची फाइल हाती घेऊन दवाखान्याच्या बाकावर त्याच्याशेजारी बसावे. त्या सोबतीत प्रभूचा स्पर्श आहे.

हे प्रभो, आमच्या आजाऱ्यांना धीर दे, डॉक्टरांना सुबुद्धी दे आणि आम्हांला ऐकणारे कान दे. आमेन.